दवाखान्यातला बारकोड : औषध बरोबर आणि माणूसही बरोबर

कृषी सेवा केंद्रातल्या फळीवर एकदा नीट नजर टाका. एकाच कंपनीच्या चार बाटल्या शेजारी शेजारी उभ्या असतात. रंग तोच, झाकण तसेच, अक्षरे बारीक. त्यातली एक तणनाशकाची, दुसरी अळीसाठीची. संध्याकाळच्या घाईत हात चुकला, पंपात भलतेच औषध गेले आणि आठवड्याभरात कपाशीची पाने आक्रसून गेली, असे प्रकार आपल्याला नवे नाहीत. पीक गेले की हंगाम जातो. पुढच्या मृगाला शेतकरी पुन्हा पेरणीला उभा राहतो.

हाच हात दवाखान्यात चुकला तर?

अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात मेथडिस्ट हॉस्पिटल म्हणून मोठे रुग्णालय आहे. सप्टेंबर २००६ मध्ये तेथील अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात ही गोष्ट घडली. बाळाच्या शिरेत बसवलेली नळी रक्ताच्या गाठीने तुंबू नये म्हणून ती हेपॅरिन नावाच्या औषधाच्या अगदी सौम्य द्रावणाने धुतात. या द्रावणात एका मिलिलिटरला १० युनिट औषध असते. मोठ्या माणसांसाठी याच औषधाची दुसरी कुपी येते, तिच्यात एका मिलिलिटरला १०,००० युनिट. दोन्ही कुप्या बोटाएवढ्या, दोन्हींचे लेबल निळे. एक फिकट निळे, एक गडद निळे, एवढाच काय तो फरक. औषध भांडारातून आलेल्या मोठ्या माणसांच्या कुप्या चुकून बाळांच्या वॉर्डातल्या कपाटात ठेवल्या गेल्या. सिस्टरचा हात रोज ज्या खणात जायचा त्याच खणात गेला. सहा बाळांना हजार पट औषध टोचले गेले. त्यातली तीन दगावली.

ही बातमी साऱ्या अमेरिकेत गाजली. तरीही पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००७ मध्ये, लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनाय या नामांकित रुग्णालयात हेच औषध, हाच घोटाळा पुन्हा झाला. या वेळी बाळे होती सिनेनट डेनिस क्वेड यांची, जुळी, जन्मून दोन आठवडेही झालेले नव्हते. सुदैवाने दोघे वाचले. मे २००८ मध्ये क्वेड यांनी अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली, आणि पुढे खाटेपाशी बारकोड तपासण्याची पद्धत सगळ्या रुग्णालयांत यावी म्हणून ते आग्रह धरत राहिले.

आता तुम्ही म्हणाल, कृषी खात्याच्या माणसाला दवाखान्याची उठाठेव कशाला? कारण असे की गेल्या काही वर्षांत बारकोड गावात येऊन पोचला आहे. जनावराच्या कानात आहे, बियाण्याच्या पिशवीवर आहे, गोळ्यांच्या पाकिटावर आहे. बैठकीत लोक हमखास विचारतात की या रेघा नक्की करतात तरी काय. याचे सर्वांत चांगले उत्तर मला दवाखान्यात सापडते. तिथे या रेघांमुळे माणूस वाचतो, आणि त्या कुठे कमी पडतात तेही तिथेच उघडे पडते.

शेवटचा हात

रुग्णाच्या पोटात गोळी जाईपर्यंत ती चार हातांतून जाते. डॉक्टर लिहितो, कोणीतरी ते कागदावरून उतरवून घेतो, औषध भांडारातला माणूस काढून देतो आणि शेवटी सिस्टर देते. बोस्टनमधील दोन मोठ्या रुग्णालयांत डॉ. ल्युशियन लीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चारही टप्प्यांवरच्या चुका मोजल्या. तो अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. शंभर चुकांमागे ३९ डॉक्टरच्या लिहिण्यात झालेल्या आणि ३८ प्रत्यक्ष औषध देताना झालेल्या. उरलेल्या मधल्या दोन टप्प्यांवरच्या.

हे आकडे वाचून वाटेल की पहिला आणि शेवटचा हात सारखाच चुकतो. पण पुढचा आकडा बघा. डॉक्टरच्या लिहिण्यातल्या चुकांपैकी निम्म्याच्या आसपास पुढे कोणाच्या तरी ध्यानात आल्या आणि रुग्णापर्यंत पोचल्या नाहीत. औषध देणाऱ्याने सांगितले, सिस्टरने विचारले, डॉक्टरने खोडून पुन्हा लिहिले. शेवटच्या हाताच्या चुकांपैकी मात्र शंभरात फक्त दोन अडल्या. कारण उघड आहे. सिस्टरच्या मागे कोणी उभे नसते. तिच्या हातातली सुई आणि रुग्णाचा दंड यांच्यामध्ये तपासणारा कोणीच नाही.

सिस्टर निष्काळजी असतात असे कोणी समजू नये. परिचारिकेच्या शिक्षणात पहिल्या वर्षापासून पाच गोष्टी पाठ करून घेतात : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. पण एका पाळीत तीस खाटा, प्रत्येकाला पाच-सहा औषधे, मध्येच एखाद्याची सलाईन संपते, कुणाचा नातेवाईक हाका मारतो. दिवसभर पाच गोष्टी मनातल्या मनात तपासायच्या, तेही शेकडो वेळा. माणसाचे मन थकते हो. पाभरीमागे दिवसभर चालणाऱ्याचाही चाडा कधी रिकामा राहतोच.

कॅन्सासची सिस्टर

कॅन्सास राज्य म्हणजे अमेरिकेतला गव्हाचा मुलूख. त्याची राजधानी टोपेका. तेथे माजी सैनिकांचे सरकारी रुग्णालय आहे. सू किनिक या तेथे परिचारिका होत्या. १९९२ साली त्या भाड्याने घेतलेली मोटार परत करायला गेल्या. तेथील माणसाने मोटारीवरच्या पट्टीवर हातातले यंत्र फिरवले आणि गाडी कोणाची, कधी नेली, किती झाले, सगळा हिशेब पुढे आला. किनिकबाईंच्या मनात आले की भाड्याच्या मोटारीची एवढी काळजी घेता येते, तर औषधाची का घेता येऊ नये?

त्या परत येऊन नुसत्या बोलल्या नाहीत. टोपेकाच्या रुग्णालयात संगणकवाले, औषध भांडारवाले आणि परिचारिका एकत्र बसले आणि तिथे ही पद्धत तयार झाली. १९९९ पासून अमेरिकेतील माजी सैनिकांच्या सर्व सरकारी रुग्णालयांत ती बसवण्यात आली. मला यात मोठी गोष्ट वाटते ती ही की कल्पना इंजिनिअरची नव्हती, ती होती रोज खाटेपाशी उभे राहणाऱ्या बाईची. आपल्याकडेही औताला काय जोडायचे हे कारखान्याच्या आधी गावच्या सुताराला कळलेले असते.

अडचण एकच होती. त्या काळी सुट्या गोळीच्या पाकिटावर बारकोड असेलच असे नव्हते. रुग्णालयांना स्वतःच पट्ट्या छापून एकेका गोळीच्या वेष्टनावर चिकटवाव्या लागत. मग फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नियमच केला की रुग्णालयात वापरायच्या औषधांवर कंपनीने बारकोड छापलाच पाहिजे. त्यासाठी आधीपासून बाजारात असलेल्या औषधांना २००६ पर्यंत मुदत दिली.

खाटेपाशी काय होते

रुग्ण दाखल झाला की त्याच्या मनगटावर पट्टी बांधतात. तिच्यावर नाव आणि बारकोड. औषधाची वेळ झाली की सिस्टर चाकाच्या गाड्यावर संगणक ढकलत खाटेपाशी येते. पहिल्यांदा आपल्या ओळखपत्रावर यंत्र फिरवते, मग रुग्णाच्या मनगटावर, मग औषधाच्या वेष्टनावर. डॉक्टरने या रुग्णाला हेच औषध, एवढेच, याच वेळी सांगितले आहे का, हे संगणक ताडून पाहतो. जुळले तर पुढे जा. नाही जुळले तर पडद्यावर इशारा येतो : हा रुग्ण तो नव्हे, ही मात्रा जास्त आहे, हे औषध तासाभरापूर्वीच दिले आहे, हे बंद केले आहे. औषध दिले की नोंद आपोआप होते.

इंडियानापोलिसच्या त्या निळ्या कुपीवर असे यंत्र फिरले असते, तर १० च्या जागी १०,००० हे संगणकाला लगेच कळले असते. रंग फिकट आहे की गडद, हे यंत्र बघतच नाही. ते फक्त आकडा वाचते.

इथे एक गैरसमज दूर करू. पुष्कळांना वाटते की त्या रेघांमध्ये माणसाचा सगळा आजार लिहिलेला असतो. तसे काही नाही. रेघांत फक्त एक क्रमांक असतो. तुमच्या जमिनीचा गट नंबर पाटीवर लिहिला म्हणून वाचणाऱ्याला क्षेत्र, पीक, बोजा कळत नाही. त्यासाठी सातबारा काढावा लागतो. तसेच हे. रेघा म्हणजे गट नंबर, आणि सातबारा संगणकात. संगणकातली नोंद चुकीची असेल तर रेघा कितीही स्वच्छ असोत, उत्तर चुकीचेच येणार.

रेघांमागचे गणित

किराणा मालाच्या पुड्यावर जाड-बारीक रेघांखाली तेरा आकडे असतात. अंधारात बॅटरी मारल्यासारखा यंत्राचा उजेड त्यावर पडतो. काळी रेघ उजेड गिळते, पांढरी जागा परत फेकते. कुठली किती रुंद यावरून यंत्र आकडा ओळखते. जोसेफ वुडलंड नावाच्या अमेरिकन माणसाने मायामीच्या समुद्रकिनारी वाळूत बोटे ओढताना ही कल्पना पकडली, आणि १९५२ साली त्याला व त्याच्या जोडीदाराला तिचे पेटंट मिळाले. दुकानात ती वापरायला मात्र २६ जून १९७४ उजाडला. ओहायो राज्यातल्या एका दुकानात च्युइंगगमचे पाकीट पहिल्यांदा यंत्राखालून गेले.

तेरावा आकडा राखणदार असतो. तो कसा काम करतो हे घरातल्या शाळकरी पोराकडून करून घ्या. समजा आकडा आहे ८९०१२३४५६७८९०. शेवटचे शून्य बाजूला ठेवा. उरलेल्या बारांपैकी पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे घ्या : ८, ०, २, ४, ६, ८. बेरीज २८. राहिलेले : ९, १, ३, ५, ७, ९. बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. पुढच्या पूर्ण दहाला पोचायला किती हवेत? शून्य. म्हणून शेवटचा आकडा शून्य. आता कुठे छपाई पुसट झाली आणि ६ च्या जागी यंत्राने ५ वाचला, तर बेरीज १२९ होते, शेवटी १ हवा होता आणि छापलेले आहे शून्य. हिशेब जुळत नाही, यंत्र आवाज करत नाही. म्हणजे चुकीचे वाचण्यापेक्षा न वाचलेले बरे, हा त्याचा स्वभाव. दवाखान्यात हाच स्वभाव कामाचा.

जाता जाता, सुरुवातीला ८९० असले म्हणजे माल भारतातच बनला असे काही जण छातीठोक सांगतात. ते खरे नाही. त्या कंपनीने आपला क्रमांक भारतातील संस्थेकडून घेतला, एवढाच त्याचा अर्थ. चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड ही याचीच पुढची पायरी. १९९४ साली जपानमध्ये मोटारीच्या सुट्या भागांसाठी तो तयार झाला. त्यात मजकूर जास्त मावतो आणि कोपरा थोडा फाटला तरी वाचता येतो.

फरक पडला का?

पडला. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलने ही पद्धत वॉर्डावॉर्डात बसवताना आधी आणि नंतर अशी मोजणी केली. जाणकार परिचारिका औषध देणाऱ्यांच्या सोबत उभ्या राहून बघत होत्या. चौदा हजारांवर औषधे देताना पाहिली गेली. तो अभ्यास २०१० साली छापून आला. वेळेची मागेपुढे सोडली तर औषध देण्यातल्या चुका आधी शंभरात ११.५ होत्या, नंतर ६.८ झाल्या. ज्या चुकांनी रुग्णाला इजा होऊ शकली असती त्या ३.१ वरून १.६ वर आल्या. कागदावरून कागदावर उतरवण्यातल्या चुका ६.१ होत्या, त्या शून्यावर आल्या, कारण हाताने उतरवणेच बंद झाले.

आता हे आकडे दोन्ही अंगांनी वाचा. एवढे पैसे ओतून, जगातल्या नावाजलेल्या रुग्णालयात, शंभरात जवळजवळ सात चुका तरीही राहिल्या. विक्रेता हे सांगत नाही. ठिबक बसवले की पाणी आपोआप वाचते, असे सांगणारे विक्रेते आपण पाहिले आहेत. फिल्टर कोण धुणार, हे ते सांगत नाहीत.

पळवाटा

तर मग फिल्टर कुठे तुंबतो? रॉस कॉपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच रुग्णालयांत जाऊन हेच पाहिले आणि २००८ साली मांडले. त्यांना पंधरा प्रकारच्या पळवाटा आणि त्यांची एकतीस कारणे सापडली. काही सांगतो. रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीची दुसरी प्रत छापून ती दाराच्या चौकटीला, संगणकाच्या गाड्याला, अगदी सिस्टरच्या कमरेच्या कड्याला अडकवलेली. रुग्णाला झोपेतून उठवायला नको, म्हणून त्या प्रतीवरच यंत्र फिरवायचे. नाहीतर तीन-चार रुग्णांची औषधे एकदमच वाचून गाड्यावर ठेवायची आणि मग वाटत जायचे. संगणक म्हणतो सगळे बरोबर. पण त्याने रुग्ण पाहिलाच नाही, चौकट पाहिली.

असे का करतात? आळस म्हणून नव्हे. मनगटाची पट्टी भिजलेली, चघळलेली किंवा गायब. गोळीच्या वेष्टनाला सुरकुती पडलेली, नाहीतर बारकोडवरच दुसरे लेबल डकवलेले. यंत्राची बॅटरी संपलेली. कोपऱ्यातल्या खोलीत नेटवर्क नाही. समोर रुग्ण कळवळतोय आणि यंत्र टूंक करत नाही, अशा वेळी सिस्टर यंत्राचे ऐकेल की माणसाचे?

पशुपालकांना हे नवीन नाही. जनावराच्या कानातला बारा आकडी पिवळा बिल्ला आणि त्यावरचा बारकोड आपण ओळखतो. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावरांच्या बाजारातल्या खरेदी-विक्रीला बंदी करण्याचा निर्णय झाला. लसीकरणाची नोंद बिल्ल्यावरून होते. पण बिल्ला काटेरी कुंपणात अडकून तुटला आणि दावणीच्या खुंटीला टांगून ठेवला, तर त्या नोंदीला काय अर्थ? खुंटीला लस दिल्यासारखेच ते. बिल्ला कानातच पाहिजे, पट्टी मनगटावरच पाहिजे.

यंत्रच नसेल तर काय होते, याचे उदाहरण टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमधले. डिसेंबर २०१७ मध्ये वँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयात पंच्याहत्तर वर्षांच्या एका बाईंना मोठ्या तपासणीसाठी नेले होते. यंत्रात जीव गुदमरू नये म्हणून डॉक्टरांनी मन शांत करणारे व्हर्सेड सांगितले. परिचारिकेने औषधांच्या संगणकी कपाटावर इंग्रजीतली पहिली दोन अक्षरे, व्ही आणि ई, दाबली. व्हर्सेड हे बाजारातले नाव, आणि कपाट शोधत होते औषधाच्या मूळ नावाने. ते सापडेना, तेव्हा तिने कुलूप ओलांडण्याची सोय वापरली. त्याच दोन अक्षरांचे वेक्युरोनियम बाहेर आले. ते स्नायू लुळे पाडते, श्वाससुद्धा बंद होतो. झाकणावर तसा इशारा छापलेला होता. तो तिने वाचला नाही. वॉर्डात यंत्र फिरवले असते तर त्याने अडवले असते, पण त्या तपासणी विभागात बारकोड वाचण्याचे यंत्रच नव्हते. बाई गेल्या. मार्च २०२२ मध्ये न्यायालयात ती परिचारिका दोषी ठरली आणि मे महिन्यात तिला तीन वर्षांची देखरेखीखालची शिक्षा झाली, तुरुंगवास झाला नाही. देशभरच्या परिचारिका तिच्या बाजूने रस्त्यावर आल्या. माझे मत विचाराल तर इशारा न वाचणे हा तिचा दोष खराच, पण सगळ्या गावाला बांध घालून ओढ्याकडची बाजू मोकळी ठेवणाऱ्यांना काहीच विचारायचे नाही का?

यंत्राला न कळणारे

डॉक्टरनेच चुकीचे औषध लिहिले तर बारकोड त्याला बरोबरच म्हणणार. रुग्णाला एखाद्या औषधाची ॲलर्जी आहे आणि ते कोणी नोंदवलेच नाही, तर यंत्र गप्प राहणार.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या घरोघरी आहे. मधुमेहाचे इन्सुलिन. आपल्याकडे कुपी दोन प्रकारची मिळते, एका मिलिलिटरला ४० युनिटची आणि १०० युनिटची. सिरिंजही दोन : ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी केशरी टोपणाची. समजा कुपी १०० ची आणि सिरिंज ४० ची. २० च्या रेघेपर्यंत औषध ओढले तर प्रत्यक्षात ५० युनिट जाते, म्हणजे अडीच पट. साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध होतो. कुपीवरचा बारकोड वाचला तर यंत्र म्हणेल बरोबर, कारण सिरिंज त्याने पाहिलेलीच नाही. तेव्हा घरात आजी-आजोबांना इन्सुलिन चालू असेल तर आजच कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी शेजारी धरून बघा. दुकान बदलले किंवा कंपनी बदलली, की पुन्हा बघा.

आपल्याकडे काय आहे, काय करता येईल

मोठ्या शहरांतल्या काही खासगी रुग्णालयांत मनगटाची पट्टी आणि बारकोड वापरतात. ग्रामीण रुग्णालयात खाटेपाशी संगणक ढकलत आणण्याची गोष्ट अजून लांब आहे. पण पट्टी लांब नाही. तिला संगणक लागत नाही, पेन लागतो.

ओळख पटवण्यासाठी जगभर साधा नियम आहे : निदान दोन खुणा जुळल्या पाहिजेत, आणि खाटेचा नंबर ही खूण धरायची नाही, कारण खाट बदलते. अमेरिकेत नाव आणि जन्मतारीख घेतात. आपल्याकडे इथेच घोळ आहे. एका गावात एकाच आडनावाची शंभर घरे, त्यांत सुमनबाई चार. आणि जन्मतारीख? शाळेत घालताना गुरुजींनी निम्म्या गावाची १ जून लावलेली! नाव तेच, आडनाव तेच, तारीखही तीच. म्हणून आपल्याकडे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि केसपेपरचा नंबर, या दोन्ही गोष्टी पट्टीवर असल्याच पाहिजेत. सिस्टर सुई घेऊन आल्या की त्यांनी "तुम्ही सुमनबाई का?" असे विचारू नये, "तुमचं पूर्ण नाव सांगा" असे विचारावे. ऐकू कमी येणारी म्हातारी कुठल्याही नावाला हो म्हणते. त्यांनी विचारले नाही तर तुम्ही आपणहून सांगा, त्यात कमीपणा नाही आणि सिस्टरही रागावत नाहीत. रुग्ण शुद्धीत नसेल तर सोबतच्या माणसाने सांगावे.

सरपंच, ग्रामसेवक आणि सदस्य मंडळींसाठी : प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत लोकप्रतिनिधी असतात. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचारा. दाखल रुग्णाच्या मनगटावर पट्टी बांधतात का? सारख्या दिसणाऱ्या कुप्या वेगवेगळ्या खणांत ठेवतात का? इन्सुलिनसारखे औषध देण्यापूर्वी दुसऱ्या माणसाकडून आकडा वाचून घेतात का? यातल्या एकाही गोष्टीला वरून मंजुरी लागत नाही.

आता औषधाच्या पाकिटावरचा कोड. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचना काढली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रचलित औषधांवर क्यूआर किंवा बारकोड बंधनकारक झाला. कॅल्पॉल, थायरोनॉर्म, ऑगमेंटिन ही त्यातलीच नावे. मोबाईलने तो वाचला की औषधाचे मूळ नाव, कंपनीचे नाव-पत्ता, बॅच नंबर, तयार केल्याची व मुदत संपण्याची तारीख, परवाना क्रमांक दिसायला हवा. पाकिटावर छापलेल्या बॅचशी तो ताडून पाहा. हा कोड नकली औषध ओळखण्यासाठी आहे. ते औषध तुमच्यासाठीच आहे का, हे तो सांगत नाही, ते चिठ्ठीशीच जुळवावे लागते.

मेडिकलमध्ये दहाची पट्टी कापून चार गोळ्या देतात, तेव्हा मुदत आणि बॅच छापलेला तुकडा बहुधा दुकानदाराकडेच राहतो. ज्या बाजूला छापले आहे ती बाजू मागून घ्या, नाहीतर त्या तुकड्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. घरी आल्यावर सुट्या गोळ्या डब्यात एकत्र ओतू नका. दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. "ती पांढरी, बारकी गोळी" असे सांगितले तर डॉक्टरला काही कळत नाही. आणि ज्या औषधाचे नाव त्या ३०० मध्ये नाही, त्याच्या पाकिटावर कोड नसला म्हणून ते नकली ठरत नाही.